माझा मेलेला बाप सूचक आहे

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त शिव्या कमी केल्यात.)



मला कवी म्हणून बोलावलंत. पत्रिकेत तसंच छापलंय. पण आज मी कविता वाचणार नाही. मी एक इतिवृत्त वाचणार आहे. इतिवृत्त म्हणजे मीटिंगमध्ये काय झालं ते लिहून ठेवलेला कागद. आमच्या सोसायटीचं आहे. तारीख सप्टेंबर २०२२. ठराव क्रमांक सात. 'गच्चीवरील मोबाईल टॉवरचे भाडे महोत्सव समितीच्या खात्यात जमा करण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.' खाली सूचक म्हणून माझ्या बापाचं नाव. अनुमोदक, चौथ्या मजल्यावरची मावशी.

माझा बाप जून २०२० मध्ये करोनात गेला. आम्हाला त्याचं तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही. आणि दोन वर्षांनी तो मीटिंगला येऊन ठराव मांडून गेला. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लेका, मेल्यावर बी तुजा बाप मीटिंगला जातोय व्हय? जिता असताना तर कधी गेला न्हाई."

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका.

मी गोदीत काम करतो. इंदिरा गोदीत, कंत्राटावर. शिक्षण मॅट्रिक. गोदीत माल उतरतो तेव्हा मोजणारा माणूस उभा असतो. टॅली क्लार्क. जहाजाच्या बाजूचा एक मोजतो, उतरवून घेणाऱ्याच्या बाजूचा एक मोजतो. दोघांचे आकडे जुळले तर सही. नाही जुळले तर पुन्हा मोजा. तिथं कुणी कुणाला म्हणत नाही, 'माझ्यावर विश्वास नाही का?' विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नाही. माल आहे, तर मोजणी आहे. मला सोसायटीचं राजकारण कळलं ते या एका गोष्टीवरून. पुस्तकातनं नाही कळलं.

आता आमची बिल्डिंग सांगतो. वडाळ्याच्या बाजूला, झोपडपट्टी पुनर्वसनातली. चौदा मजले, एकेका मजल्यावर आठ खोल्या. एकशे बारा कुटुंबं. झोपडी तुटली तेव्हा मी शाळेत होतो. पाच वर्षं संक्रमण शिबिरात काढली. २०१६ मध्ये चावी मिळाली. २६९ चौरस फूट. बापानं त्या दिवशी दाराला हळद लावली नाही, नारळ फोडला नाही, बाबासाहेबांचा फोटो लावला आणि खाली बसून राहिला. म्हणाला, आता कुणी उठवणार नाही.

आमचा चेअरमन आपलाच माणूस आहे. हे मला मुद्दाम सांगायचंय. सोसायटीची कमिटी म्हटली की आपल्या डोळ्यासमोर शेठ येतो, भटजी येतो. आमच्याकडे तसं नाही. निळा झेंडा खांद्यावर घेतलेला माणूस आहे. जुन्या वस्तीवर बुलडोझर आला तेव्हा हाच पुढं आडवा झाला होता. मी डोळ्यांनी पाह्यलंय. लाठी खाल्ली त्यानं. म्हणून लोकांनी त्याला चेअरमन केलं. आणि मग चेअरमनच ठेवला. कमिटीत तेरा नावं आहेत, सह्या तिघांच्या चालतात. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार. बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. एका जागेवर चेअरमनची बायको, दुसरीवर सेक्रेटरीची भावजय. त्या वहिनींना मी विचारलं, तुम्ही कमिटीत काय करता? म्हणाल्या, "मी कमिटीत हाय?"

ऑफिस तळमजल्यावर. चेअरमनच्या खुर्चीमागं बाबासाहेबांचा मोठा फोटो. हिशेब मागायला गेलं की तो आधी फोटोकडं बघतो, मग आपल्याकडं. 'अरे, जयंतीच्या पैशाचा हिशेब मागतोस? बाबासाहेबांचा हिशेब मागतोस?' झालं. माणूस गप्प. टॉवरचं भाडं महोत्सव समितीत का वळवलं ते आता कळलं ना? चोरी अशा ठिकाणी ठेवायची, की जिथं हात लावायला गेलेला माणूसच चोर दिसावा.

आता थोडी मोजणी करू. आमचा मेन्टेनन्स महिन्याला नऊशे रुपये. एकशे बारा खोल्या. महिन्याचे एक लाख आठशे. वर्षाचे बारा लाख नऊ हजार सहाशे. त्याच्यावर टॉवरचं भाडं. त्याच्यावर, आमच्यासारख्या योजनेत तेव्हा बिल्डरनं दर खोलीमागं वीस हजार रुपये देखभालीसाठी भरायचे असायचे. एकशे बाराचे बावीस लाख चाळीस हजार. त्याचं व्याज देखभालीला वापरायचं असतं. आमच्यातल्या शंभर माणसांना असा पैसा असतो हेच ठाऊक नव्हतं. मला पण नव्हतं. आम्ही गोदीत एक पोतं फाटलं तर लिहून ठेवतो, आणि घरी बावीस लाखाचं पोतं कुठल्या कोठारात आहे ते विचारत नाही.

दोन लिफ्ट आहेत. एक कायम बंद. तिच्या दुरुस्तीची तीन कोटेशनं फायलीत लावलेली आहेत. तीन वेगळ्या पार्ट्या, आणि तिन्हींचं अक्षर एकच. 'लिफ्ट'मधला 'फ्ट' तिन्ही ठिकाणी सारखाच मोडलेला. चौदाव्या मजल्यावर गुडघे गेलेली म्हातारी आहे. ती सहा महिने खाली उतरलेली नाही. तिच्यासाठी २६९ चौरस फूट म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.

आणि वार्षिक सभा कशी होते? एकशे बारा सभासदांत वीसजण आले की कोरम होतो. सभा रात्री साडेआठची. ती मुद्दाम अशा दिवशी, की निम्मी माणसं सेकंड शिफ्टला. नऊ वाजता म्हणायचं, कोरम नाही, सभा तहकूब. नोटिशीत आधीच छापलेलं असतं की तहकूब सभा अर्ध्या तासानं होईल आणि तिला कोरम लागणार नाही. नियमात तशी सोय आहे. सोय अडचणीसाठी आहे, हे तिचा धंदा करतात. साडेनऊला सभा सुरू, नऊ चाळीसला वडापाव. वडापाव घ्यायचा तर रजिस्टरवर सही करायची. इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून तयार.

आता माझं सांगतो. लपवणार नाही.

२०२३ च्या जयंतीला मी त्या स्टेजवर कविता वाचली. चेअरमननं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, आपला वाघ. पाकीट दिलं. पाचशे रुपये होते. एका व्हाउचरवर सही घेतली. व्हाउचर कोरं होतं. मी सही केली. कोरं आहे हे मला दिसत होतं. पुढं फायली बघितल्या तेव्हा ते व्हाउचर सापडलं. 'कवी मानधन, रुपये पाच हजार.' खाली माझी सही. खरी. माझ्या हातची. बापाचं नाव तरी त्यांनी चोरलं होतं. माझं मी दिलं होतं.

आणि सभेत न बसता रजिस्टरवर सही करून वडापाव मी पण खाल्लाय. तीन वर्षं. म्हणून मी इथं उभा राहून 'कमिटी चोर आहे' एवढंच बोललो तर ते अर्धं खोटं होईल. कमिटी चोर आहे आणि आम्ही सह्याजीराव आहोत. दोन्ही मिळून सोसायटी चालते.

काहीजण म्हणतील, हा गरिबांच्या बिल्डिंगचा प्रश्न आहे, शिकलेल्यांच्यात असं नसतं. भंकस आहे. टॉवरमधले लोक पण असेच ओरडतात. तिथं आकडे मोठे असतात एवढंच. रिडेव्हलपमेंट आली की कुठल्या बिल्डरला द्यायचं ते बंद खोलीत ठरतं. खोली भाड्यानं दिली की बिनवापर शुल्क म्हणून वाटेल तेवढे उकळतात. सरकारनं २००१ मध्येच आदेश काढलाय की ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. खोली विकली तर हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांच्या वर नाही, तेही २००१ चंच. आणि बाप मेला, खोली आईच्या नावावर करायची, तर ते शुल्क लागतच नाही. आमच्या कमिटीनं आईकडं चाळीस हजार 'देणगी' मागितली. आम्ही दिली नाही. म्हणून सभासदांच्या नोंदवहीत बाप अजून जिवंत आहे. म्हणून तो ठराव मांडू शकतो. कळलं आता? ते भूत नव्हतं. ती थकलेली देणगी होती.

आणखी एक गोष्ट, आपल्याशी संबंध आहे म्हणून. मुंबईत सहकारी घरबांधणी सुरू झाली ती १९१५ साली, गावदेवीला. सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी. नावातच जात. त्यांनी एकमेकांना धरून घरं बांधली, चांगलं केलं, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण या देशात माणसं एकत्र यायची म्हटली की पहिल्यांदा जातीनं येतात. त्याच्या दोनच वर्षांनी, १९१७ ला, बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले. राहायला जागा कुणी देईना. पारशी नाव सांगून पारश्यांच्या धर्मशाळेत राहिले, तर लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. २००५ साली सुप्रीम कोर्टापुढं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीची केस आली. सभासद फक्त पारशी असावा असा त्यांचा उपविधी होता. कोर्टानं तो चालेल म्हटलं. तेव्हा कमिटी म्हणजे नुसती पाण्याची टाकी धुणारी मंडळी नाही. दारातून कोण आत येणार ते ठरवणारी सत्ता आहे. आजही खोली भाड्यानं मागायला जा. आडनाव विचारतात, मग खाणं विचारतात, मग 'कमिटी एनओसी देत नाही' म्हणतात. मालक हात झटकतो, कमिटी दिसत नाही.

म्हणूनच कायद्यानं कमिटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव ठेवलीय. कित्येक बिल्डिंगांत ती रिकामी असते, कारण तिथं आपला माणूसच नाही. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळीच जागा आपली आहे, तरी पण हेच. याचा अर्थ काय? याचा अर्थ, खुर्चीवर आपला माणूस बसवणं हे निम्मं काम आहे. खुर्चीपुढं उभं राहून मोजणं हे उरलेलं निम्मं. आपण पहिलं करतो आणि झोपी जातो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी याच भक्तीबद्दल बजावलं होतं. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते असं त्यांचं म्हणणं. आमचा चेअरमन त्याच बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून भक्ती मागतो. आणि आपण देतो.

आता काय केलं ते सांगतो. हे लिहून घ्या. कविता नंतर वाचाल.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. कलम ७२. सोसायटीत अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. चेअरमनचा नाही, कमिटीचा नाही. तुमचा. हे एक कलम पाठ करा.

सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीचं इतिवृत्त ऑफिसात बसून फुकट बघता येतं. फी भरून नक्कल मागितली तर ती द्यावी लागते. अर्ज दोन प्रतींत करायचा, एकीवर पोच घ्यायची. पोच देत नाहीत? स्पीड पोस्टानं पाठवायचा, पावती जपून ठेवायची. तोंडी काही मागायचं नाही. तोंडी मागितलेलं ते तोंडी विसरतात.

कलम ७५. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. कलम ७६. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं तर एका महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते. कलम ८१, लेखापरीक्षण. कलम ८२, लेखापरीक्षकानं दाखवलेले दोष दुरुस्त केल्याचा अहवाल. तो विचारा, बहुतेक ठिकाणी नसतो. कलम ८३, एक पंचमांश सभासदांच्या अर्जावर निबंधक चौकशी लावू शकतो. आणि कलम ८८, चौकशीत पैसे खाल्ल्याचं निघालं तर ते खाणाऱ्याकडून व्याजासकट वसूल. सोसायटीच्या पैशातून नाही, त्याच्या खिशातून. आमच्यासारख्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगांसाठी निबंधक झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणातच बसतो. वॉर्ड ऑफिसात चपला झिजवू नका, आम्ही चार महिने झिजवल्या.

पहिला अर्ज सभासद म्हणून मावशीच्या नावानं केला. माझी आई सभासद नाही, मी सभासद नाही, आमच्या घरात सभासद फक्त मेलेला आहे. मावशी एकटी राहते. केईएमच्या बाजूला घरकाम करून म्हातारी झाली. अंगठा लावते. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून तिची वळणदार सही होती. मी तिला ती सही दाखवली. तिनं बोट फिरवलं त्याच्यावरून. म्हणाली, "किती छान काढलीया रं माजी सही."

अर्ज दिल्याच्या आठव्या दिवशी मावशीचं पाणी बंद. प्लंबरनं व्हॉल्व्ह फिरवून कुलूप लावलं. कारण काय? थकबाकीदार. तिच्याकडं सगळ्या महिन्यांच्या पावत्या होत्या, साखरेच्या डब्यात. आणि थकबाकी असती तरी काय? थकबाकी वसूल करायची तर निबंधकाकडं जाऊन वसुली दाखला घ्यायचा. नळ बंद करणं हा वसुलीचा मार्ग कायद्यात कुठं नाही. हा मार्ग वेगळ्या पुस्तकातला आहे. ते पुस्तक आपण महाडला जाळलं होतं ना १९२७ ला? त्याच वर्षी त्याच महाडच्या तळ्यावर आपण पाण्याला हात लावला होता. आणि आता आपल्याच बिल्डिंगमध्ये, आपल्याच माणसानं, आपल्याच म्हातारीचं पाणी तोडलं. मला रात्रभर झोप आली नाही. राग चेअरमनचा नव्हता आला. मला त्या स्टेजवरचा मी आठवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकं फिरवून ऑफिसला निघालो होतो. हातात काय होतं ते सांगत नाही. आईनं दार अडवलं. तीच खाली गेली. तिच्यामागं आठ बायका. नऊजणी पंप रूमच्या दारात बसल्या. म्हणाल्या, मावशीला नाही तर कुणाला नाही, पंप चालू करू देणार नाही. चौदा मजले कोरडे. अकरा वाजता सेक्रेटरीच्या घरातनंच बोंब सुरू झाली. साडेअकराला कुलूप निघालं. कलम कुठलंच वापरलं नाही. तरी त्यातली एकही बाई इथं भाषणाला बोलावलेली नाही, याची नोंद घ्या.

मग सह्या. एकशे बाराचा एक पंचमांश म्हणजे तेवीस. आम्ही चौघं पोरं मजल्यामजल्यावर फिरलो. एकतीस मिळाल्या. चेअरमन रात्री त्याच दारांवर फिरला. कुणाला म्हणाला, तुझ्या पोटमाळ्याची तक्रार करतो. कुणाला म्हणाला, तुझा भाडेकरू बाहेर काढतो. नऊजणांनी लिहून दिलं, आमची सही फसवून घेतली. उरल्या बावीस. एक कमी. आई म्हणाली, माझी घ्या. तिची चालत नाही. ती सभासद नाही. ज्या खोलीत ती भांडी घासते त्या खोलीची ती कायद्यानं कुणी नाही.

तेविसावी सही सातव्या मजल्यावरच्या काकांनी केली. हे काका बुलडोझरपुढं चेअरमनच्या शेजारी आडवे झालेले. दोघांनी एका ताटात खाल्लंय. मी त्यांच्याकडं गेलोच नव्हतो, लाज वाटत होती. ते स्वतः आले. चष्मा लावून सगळा अर्ज वाचला. एका शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त केलं. सही केली. म्हणाले, "त्याला सांग, मी केलीय. लपवू नकोस." मी विचारलं, काका, तुम्हाला वाईट वाटत नाही? ते म्हणाले, "वाटतं ना. म्हणून तर पाच वर्षं केली नाही."

अर्ज निबंधकाकडं दाखल झालाय. पोच माझ्या खिशात आहे. चौकशी लागली नाही अजून. तारीख पडते, साहेब रजेवर जातो. जिंकलो असं सांगायला मी आलेलो नाही. बंद लिफ्ट बंदच आहे. आमच्या चौघांना बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलंय. या जयंतीला माझी कविता ठेवलेली नाही. माझ्या त्या पाच हजारांच्या व्हाउचरबद्दल मी स्वतः निबंधकाला लिहून दिलंय, सही माझी आहे, पैसे पाचशेच मिळाले, सही केली तेव्हा कागद कोरा होता. वकील म्हणाला, कशाला स्वतःच्या गळ्यात घालून घेतोस? मी म्हणालो, माझ्या बाजूची टॅली आहे, ती आधी बरोबर पाहिजे.

आता लोक मला म्हणतात, पुढच्या निवडणुकीत तू चेअरमन हो. मी भितो. मला माहीत आहे तो खांद्यावरचा हात कसा उबदार लागतो. उद्या मी त्या खुर्चीत बसलो तर माझ्यापुढं पण अर्ज घेऊन कुणी पोरगं उभं राहिलं पाहिजे, आणि त्याच्या आईचं पाणी चालू राहिलं पाहिजे. एवढं झालं तर सोसायटी झाली. नाहीतर माणूस बदलला, मुकादमी तीच.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. आज घरी गेलात की आईला विचारा, आपल्या घरात सभासद कोण? नाव जिवंत माणसाचं आहे का? मग तीन कागद मागा. शेवटचा ताळेबंद, शेवटच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, सभासदांची नोंदवही. अर्ज कसा लिहायचा ते येत नसेल तर रविवारी सकाळी दहाला आमच्या बिल्डिंगच्या खाली या. आम्ही जिन्यावर बसतो, ऑफिस आम्हाला मिळत नाही. पेन आणा, दोन कोरे कागद आणा. कोऱ्या कागदावर सही मात्र करून आणू नका.

मावशी चहा करते. पाणी तिचंच असतं.

जय भीम.